नापास व्हायची परीक्षा

मुलांनो, एक मोठा रांजण डोळ्यांपुढे आणा. तुमच्या इमारतीतली सगळी घरं दर महिन्याला त्यात आपापल्या कुवतीप्रमाणे तांदूळ टाकतात. कोणी पायलीभर, कोणी मूठभर. आणि ज्याच्या घरी आजारपण येईल, त्याने लागतील तेवढे तांदूळ रांजणातून न्यायचे. आहे ना सोपं?

आता कल्पना करा, तळमजल्यावरचे काका येऊन म्हणतात, "मला ताप आलाय, खिरीपुरते तांदूळ द्या." ताप खरा आहे, हात लावला तर चटका बसतो. पण खीर? पेजेने भागलं नसतं का? खीर ही गरज की हौस? काकांना विचाराल तर ते गरज म्हणतील. शेजाऱ्यांना विचाराल तर ते हौस म्हणतील. म्हणून रांजणापाशी असा एक माणूस नेमावा लागतो, जो काकांचाही नाही आणि शेजाऱ्यांचाही नाही. त्याने काकांच्या घरी जायचं, त्यांच्या कपाळाला हात लावायचा आणि खरं काय ते सांगायचं. कधीकधी त्याच्यावर स्वतःच्याच कपाळाला हात लावायची वेळ येते, पण ते पुढे येईल.

जर्मनीत असा रांजण खरोखर आहे. तांदळाऐवजी पगारातला वाटा असतो, आणि त्या रांजणाला म्हणतात क्रांकनकासे. कपाळाला हात लावणारा माणूस आपल्या गोष्टीत एक बाई आहे. तिचं नाव फ्राऊ ब्रिंकमान, म्हणजे ब्रिंकमानबाई. उंच, पायात पावसाळी बूट, खांद्यावर फुगलेली चामडी पिशवी. पण तिला थोडा वेळ दाराबाहेर उभी ठेवू, कारण आधी मुक्ताची ओळख व्हायला हवी.

मुक्ता वोल्फ्सबुर्गला राहायची. गाव मोटारींचं. कालव्याच्या काठाला चार उंच धुराडी, आणि गावातला जवळजवळ प्रत्येक बाबा धुराड्यांच्या दिशेने कामाला जाणारा. मुक्ताचे बाबा, श्रीरंग, तिथे गाडीच्या दारांचे आवाज तपासायचे. दार लावल्यावर 'धप्प' असा आवाज यायला हवा, 'खडाक' असा नको. पुण्याला इंजिनियर होऊन हे काम करतो म्हटल्यावर त्यांच्या वडिलांनी सांगलीहून फोनवर विचारलं होतं, "दारं आपटायचा पगार देतात?"

मुक्ता घाईने जन्मली, ठरलेल्या वेळेच्या बरीच आधी. त्या घाईत तिचा डावा पाय मागे राहिला. त्याचे स्नायू आखडायचे, टाच जमिनीला टेकायची नाही, आणि थोडं चाललं की तोल जायचा. घरात त्याला आजार म्हणत नसत. 'हळू पाय' म्हणत. "मुक्ता, आज हळू पायाला तेल लावलं का?" असं.

आणि घरही हळूहळू त्या पायाच्या सोयीचं झालं होतं. दारातून आत आलं की हाताशी चपलांचं कपाट. तिथून हात सुटायच्या आत खुर्ची, खुर्चीनंतर टेबलाची कड, टेबलानंतर फ्रीज, फ्रीजपासून खिडकीची कड. हे कोणी बसून ठरवलं नव्हतं. रोज एखादी वस्तू थोडीशी सरकत सरकत तिथे आली होती. मुक्ता बससारखी थांबे घेत घरभर फिरायची, आणि इतकी सराईतपणे, की पाहणाऱ्याला वाटावं, या मुलीला वस्तूंना हात लावायची सवयच दिसते.

उन्हाळ्यात आजोबा राहायला आले, की या मार्गावर एक फिरता थांबा वाढायचा. आजोबांचं नाव राजाभाऊ. सांगलीला बँकेत नोकरी केली, पण जीव सगळा गणेशोत्सवातल्या नाटकांत. कोणी कुठून यायचं, कुठे उभं राहायचं, हे त्यांनी वर्षानुवर्षं बसवलेलं. त्यामुळे मुक्ताचा हात हवेत गेला की त्याखाली राजाभाऊंचा खांदा असायचा. ते पेपर वाचत असोत की दात घासत असोत, वेळ साधली जायची.

मुक्ताला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर द्यायची ती जर्मनमध्ये. आजोबांना जर्मनचं अक्षर येत नव्हतं. तरी दोघांची भांडणं व्यवस्थित व्हायची. एकच गोष्ट मुक्ता खणखणीत मराठीत म्हणायची, ती म्हणजे एकोणतीसचा पाढा. आजोबांनी तो फोनवरून पाठ करून घेतला होता. घरी पाहुणे आले की आजोबा म्हणायचे, "मुक्ता, सरळ उभी राहा. म्हणून दाखव." आणि पाहुण्यांना चहाच्या आधी एकोणतीसचा पाढा मिळायचा.

आता मुक्ताला काय हवं होतं ते सांगतो. ती चौथीत होती. तिकडे चौथीतल्या मुलांची सायकलची परीक्षा पोलीस घेतात, आणि ती पास झाली की दुपारी सगळा वर्ग सायकलींवर निघतो. कुठे, ते ठरलेलं नसतं. लेआ नावाची तिची मैत्रीण सांगायची, "आम्ही तळ्यावर जातोय, तू ये." मुक्ताची आई ऊर्मिला तिला गाडीत घालून तळ्यावर न्यायची. तळ्यावर बदकं असायची, मुलं नसायची. मुलं वाटेत कुणाचं तरी मांजर बघून वळलेली असायची. मांजर गाठावं तर ती आइस्क्रीमच्या टपरीवर गेलेली. गाडीने जाणारी मुक्ता नेहमी अचूक ठिकाणी पोचायची, आणि मुलं तिथे कधीच नसायची. दुसऱ्या दिवशी शाळेत सगळे मांजरावरून हसायचे, आणि मुक्ताला आधी विचारावं लागायचं, कुठलं मांजर.

दोनचाकी तिला जमणार नव्हती. डॉक्टरांनी तिच्यासाठी खास तिचाकी लिहून दिली. मागे दोन रुंद चाकं, डावं पाऊल बांधून ठेवणारा पट्टा, मागे टोपली. साधी सायकल नव्हे ती. त्या किमतीत जुनी मोटार आली असती. श्रीरंगने क्रांकनकासेकडे अर्ज केला. कासेने कळवलं, की सायकल ही मुलांची हौससुद्धा असू शकते, तेव्हा मुक्ताला तिची वैद्यकीय गरज आहे का, हे बघायला आमच्याकडून तपासनीस येतील.

श्रीरंगने हे जेवताना सांगितलं. राजाभाऊंनी घास खाली ठेवला.

"म्हणजे परीक्षा."

"परीक्षा नाही हो बाबा. बघायला येणार आहेत, तिला काय जमत नाही ते."

"तेच. किती मार्कांची?"

"बाबा, ही वेगळी परीक्षा आहे. हिच्यात काही जमलं नाही तरच आपलं काम होतं."

राजाभाऊंनी सुनेकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं, मग मुलाकडे. "श्रीरंग, तुझ्या त्या दारांचा डोक्यावर परिणाम झालाय. आपल्या घराण्यात नापास व्हायची पद्धत नाही."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून तालीम सुरू झाली.

श्रीरंग घरी असता तर पुढचं टळलं असतं. पण फ्राऊ ब्रिंकमान आली तेव्हा तो कारखान्यात दारं आपटत होता. घरी ऊर्मिला, राजाभाऊ आणि मुक्ता. ऊर्मिलाला सगळं माहीत होतं. पण पाहुणी दारात उभी आहे म्हटल्यावर तिचेही हात आपोआप कढईकडे गेले. घर चकाचक, शिरा तयार, मुक्ताच्या दोन वेण्या, आणि राजाभाऊ इस्त्रीच्या सदऱ्यात.

"वेलकम, ब्रिंकमानबाई," राजाभाऊ म्हणाले. "प्लीज सिट. मुक्ता, सरळ उभी राहा. म्हणून दाखव."

एकोणतीस एकेपासून एकोणतीस दाहेपर्यंत फ्राऊ ब्रिंकमानने शांतपणे ऐकून घेतलं. मग ती ऊर्मिलाला म्हणाली, "छान. पण मला तिचा पाय बघायचाय."

तिने पाय वाकवून पाहिला, टाच दाबून पाहिली, काही टिपून घेतलं. आत्तापर्यंत ठीक चाललं होतं. मग ती म्हणाली, "मुक्ता, त्या दारापासून खिडकीपर्यंत चालून दाखवशील?"

राजाभाऊंच्या डोळ्यांत चमक आली. हा तर तालमीतला प्रवेश. मुक्ता दारापाशी गेली. चपलांचं कपाट, खुर्ची, टेबलाची कड. टेबल आणि फ्रीजच्या मधे राजाभाऊ सहज म्हणून शिऱ्याची बशी घेऊन आडवे आले, मुक्ताचा हात त्यांच्या खांद्याला जेमतेम लागला, आणि पुढे फ्रीज, पुढे खिडकी. तिथे मुक्ता वळली आणि आजोबांनी शिकवल्याप्रमाणे हसली.

"बाबा, राहू द्या ना," ऊर्मिला हळूच म्हणाली. "तिला बसू द्या."

"तू थांब. मी तिला उलट्या दिशेनेही बसवलंय."

फ्राऊ ब्रिंकमानने उलटी दिशाही पाहिली. "काही त्रास होतो का चालताना?" तिने विचारलं.

पाहुण्यांनी 'कसे आहात' विचारलं की 'मजेत' म्हणायचं, हे या घरातल्या मुलीला पाढ्याच्याही आधी शिकवलेलं होतं. मुक्ताने आजोबांकडे पाहिलं आणि म्हणाली, "नाही. छान चालता येतं."

शिरा मात्र फ्राऊ ब्रिंकमानला आवडला. तिने तो दोनदा घेतला.

काही दिवसांनी पत्र आलं. मुक्तानेच ते उघडून वाचलं. घरात जर्मन सगळ्यांत चांगलं तिचं. राजाभाऊ मागे उभे. "काय लिहिलंय? पास?"

मुक्ता जर्मनमध्ये काहीतरी म्हणाली आणि पत्र टेबलावर ठेवून आपल्या खोलीत गेली. ऊर्मिलाने पत्र उचललं आणि राजाभाऊंना मराठीत सांगितलं, "मुलगी घरात सुरक्षितपणे, कोणाच्याही मदतीशिवाय चालते. तिचाकीची वैद्यकीय गरज दिसून येत नाही."

"कोणाच्याही मदतीशिवाय," राजाभाऊ म्हणाले. त्यांना ते वाक्य फार आवडलं. "हे फ्रेम करून घ्या. सांगलीला कळवतो."

"बाबा, सायकल नाही म्हणालेत ते."

"पण का? मुलगी इतकी छान चालली."

ऊर्मिलाने पत्र त्यांच्या हातात दिलं. राजाभाऊंनी पत्राकडे पाहिलं, मग मुक्ताच्या बंद दाराकडे. नाटक बसवणाऱ्या माणसाला प्रेक्षक का गेले हे थोडं उशिरा कळतं, पण कळतं. ते जाऊन दाराबाहेर उभे राहिले. "मुक्ता, काय म्हणालीस मगाशी तू?"

आतून उत्तर आलं, तेही जर्मनमध्येच. ऊर्मिलाने अर्थ सांगितला. "ती म्हणतेय, इतकी छान चालले, म्हणून आता कुठेच जाता येणार नाही."

राजाभाऊ त्या दिवशी पेपर वाचताना पान उलटायचं विसरले.

तिकडे 'नाही' म्हटलेलं मान्य नसेल तर तसं लेखी कळवता येतं. मग कासे पुन्हा कोणालातरी पाठवते. श्रीरंगने कळवलं आणि या वेळी रजा घेतली. घरी तीन गोष्टी बजावल्या: पाढा नाही, शिरा नाही, खांदा नाही. त्याने स्वतः लॅपटॉपवर मुक्ताच्या गुडघ्याच्या कोनाचे आलेख काढले होते, लाल आणि निळ्या रेघांचे. ते पाहून ऊर्मिला म्हणाली, "अहो, ती मुलगी आहे, दार नाही."

पण राजाभाऊ इतक्यात गप्प बसणारे नव्हते. पहिला अंक आपल्यामुळे पडला, तेव्हा दुसरा आपणच उभा करायचा, एवढंच त्यांनी मनाशी धरलं होतं. फ्राऊ ब्रिंकमान दुसऱ्यांदा आली तेव्हा दिवसाउजेडी पडदे ओढलेले होते. सोफ्यावर मुक्ता शाल पांघरून झोपलेली. बामाचा वास जिन्यापर्यंत. कोपऱ्यात कुबड्या, खालच्या मजल्यावरून मागून आणलेल्या, मोठ्या माणसाच्या मापाच्या. मुक्ताचा पाय पांढऱ्या पट्टीत घोट्यापासून गुडघ्यापर्यंत गुंडाळलेला. आणि फ्रीजच्या आड राजाभाऊ, कुजबुजत, "हं, उसासा."

मुक्ताने उसासा टाकला. तो जरा लवकर आला, बाईचे बूट अजून काढून व्हायचे होते.

"हे काय आहे?" श्रीरंग म्हणाला. तो तोवर आतल्या खोलीत लॅपटॉपची वायर शोधत होता. "बाबा?"

"तू तुझी चित्रं दाखव रे. इथलं मी बघतो."

फ्राऊ ब्रिंकमान सोफ्यापाशी वाकली. शाल बाजूला केली. पट्टीकडे बघत राहिली. पिशवीतून कागद काढून वाचला. पुन्हा पट्टीकडे पाहिलं.

"माझ्या कागदाप्रमाणे," ती म्हणाली, "आखडणारा पाय डावा आहे."

पट्टी उजव्या पायाला होती.

कारण नाटक बसवताना राजाभाऊ नेहमी प्रेक्षकांकडून बघायचे. प्रेक्षकांची डावी बाजू ती त्यांची डावी. समोर उभं राहून त्यांनी डावा पाय मोठ्या काळजीने गुंडाळला होता, फक्त तो सांगलीच्या प्रेक्षकांचा डावा होता.

"तू सांगायचं नाहीस का?" ऊर्मिलाने मुक्ताला विचारलं.

मुक्ता जर्मनमध्ये म्हणाली, "आजोबा म्हणाले, दिग्दर्शकाच्या मधे बोलायचं नसतं."

फ्राऊ ब्रिंकमान खुर्चीवर बसली आणि तिने कपाळाला हात लावला. मुक्ताच्या नव्हे, स्वतःच्या. "आल्झो, तर मग," ती म्हणाली, "गेल्या वेळी मी सर्कस पाहिली. आज इस्पितळ पाहिलं. दोन्ही चांगली होती. पण मी इथे एका मुलीला भेटायला आलेय, आणि ती मला अजून भेटलेली नाही. आजही भेटली नाही, तर मला पुन्हा 'नाही'च लिहावं लागेल."

श्रीरंगने जर्मनमध्ये समजावत लॅपटॉप उघडायला सुरुवात केली. ऊर्मिला त्याला मराठीत म्हणाली, मी सांगते. राजाभाऊ फ्रीजमागून इंग्रजीत सायकलचे फायदे मोजायला लागले, हवा, व्यायाम, एकाग्रता. तिघे तीन भाषांत बोलत होते. तेवढ्यात मुक्ता उठून बसली. तिने पट्टीचं टोक शोधलं आणि उजवा पाय मोकळा करायला लागली. पट्टी लांबलचक होती, बराच वेळ निघत राहिली.

"मी इथे भेटणार नाही," मुक्ता म्हणाली. "हे घर मला मदत करतं. खाली चला."

इमारतीच्या मागे मोकळं अंगण होतं. डांबरी, सपाट, गाड्या लावायच्या पांढऱ्या रेघा आखलेलं. त्या वेळी सगळ्या गाड्या कामावर गेलेल्या, त्यामुळे हाताशी धरायला काहीच नाही. एका कडेला बाक, आणि पार दुसऱ्या कडेला मुलांच्या सायकली टेकवायची लोखंडी दांडी.

राजाभाऊ सवयीने मुक्ताच्या डाव्या हाताला जाऊन उभे राहिले. मुक्ताने बाकाकडे बोट दाखवलं. ते बाकावर जाऊन बसले, पण पुढच्या कडेवर, उठायच्या तयारीत.

मुक्ता निघाली. पहिली काही पावलं तुम्ही पाहिली असतीत तर म्हणाला असतात, काय वाईट आहे? मग टाच उचलली गेली. मग गुडघा आत वळला. हात दोन्ही बाजूंना पसरले, जणू अंगणातच कुठेतरी टेबल असायला हवं होतं. ती थांबली, डुलली, पुन्हा निघाली. अंगणाच्या मध्यावर पांढऱ्या रेघेवर तिचा हात हवेत गेला आणि खांदा सापडला नाही. ती धप्पकन बसली. श्रीरंगच्या भाषेत सांगायचं तर आवाज बरोबर आला.

राजाभाऊ उठले. ऊर्मिलाने त्यांचा सदरा मागून धरला.

मुक्ता रडली नाही, कारण पडणं तिला नवीन नव्हतं. ती बसल्या जागी वळून फ्राऊ ब्रिंकमानला म्हणाली, "इथपर्यंत. पाय चांगला असेल त्या दिवशी तिथपर्यंत." आणि तिने पुढच्या रेघेकडे बोट दाखवलं.

फ्राऊ ब्रिंकमान तिच्याजवळ जाऊन डांबरावरच बसली. "मग घरात कशी चाललीस?"

"चपलांचं कपाट, खुर्ची, टेबल, आजोबा, फ्रीज."

"आजोबा हे फर्निचर आहे?"

"गेनाऊ," मुक्ता म्हणाली, म्हणजे अगदी बरोबर.

बाकावरून राजाभाऊंनी विचारलं, "माझं नाव का घेतायत?"

"आणि सायकल मिळाली तर कुठे जाशील?"

मुक्ता सांगणार, तेवढ्यात लेआ आणि आणखी चार-पाच मुलं अंगणात शिरली. दांडीवरच्या सायकली काढल्या. "मुक्ता, तळ्यावर चाललोय," लेआ ओरडली, "तू ये." आणि घंट्या वाजवत सगळी निघून गेली. अंगण पुन्हा रिकामं झालं.

"तळ्यावर?" फ्राऊ ब्रिंकमानने विचारलं.

"नाही. ती तळ्यावर जाणार नाहीत."

"मग कुठे?"

"त्यांनाही माहीत नाही," मुक्ता म्हणाली. "त्यांच्याबरोबर असल्याशिवाय ते कळत नाही."

फ्राऊ ब्रिंकमानने पिशवीतून कागद काढला आणि तिथेच, गुडघ्यावर ठेवून, बराच वेळ लिहिलं. मग मुक्ताचा हात धरून तिला उठवलं. जाताना ती ऊर्मिलाला म्हणाली, "आज शिरा नाही?" ऊर्मिलाने श्रीरंगकडे पाहिलं, आणि श्रीरंग जमिनीकडे पाहत राहिला.

या वेळच्या पत्रात 'गरज' हा शब्द होता आणि त्याच्या मागे 'नाही' नव्हतं. घरामध्ये आणि घराबाहेर फरक आहे, असं बाईंनी लिहिलं होतं. आणि या वयाच्या मुलीने आपल्या वयाच्या मुलांबरोबर असणं हीही गरज धरावी, असंही. राजाभाऊंनी ते ऊर्मिलाकडून दोनदा वाचून घेतलं. "म्हणजे नापास," ते म्हणाले, आणि पेढे नव्हते म्हणून सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली.

तिचाकी आली ती लालभडक. नवीन वाहन म्हटल्यावर राजाभाऊंनी पूजा मांडली. अंगणात झेंडूची फुलं, नारळ, आणि चाकाखाली ठेवायला लिंबं. दुकानातून जाळीची पिशवी आणली त्यात चार निघाली. मोटारींच्या गावात दुकानदारांनाही चारचीच सवय. तीन चाकांखाली तीन ठेवली, चौथं राजाभाऊंनी खिशात टाकलं. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ खिडकीतून बघत होते. त्यांनी श्रीरंगला विचारलं, हा टायरचा काही प्रयोग आहे का. श्रीरंग जर्मनमध्ये म्हणाला, "या, या," म्हणजे हो, हो.

मुक्ताने डावं पाऊल पट्ट्यात अडकवलं. लिंबं फुटली. ती अंगणात एक फेरी मारेल, दुसरी मारेल, मग थांबेल, असं सगळ्यांनी धरलं होतं. राजाभाऊ तर फेरीच्या वळणावर खांदा पुढे करून उभेही होते. पण लेआची टोळी रस्त्यावरून चालली होती. मुक्ता राजाभाऊंच्या खांद्याजवळून सरळ पुढे गेली, फाटकातून बाहेर पडली आणि कोपऱ्यावर दिसेनाशी झाली.

"कुठे गेली?" राजाभाऊंनी विचारलं.

"तळ्यावर म्हणाल्या मुली," ऊर्मिला म्हणाली.

राजाभाऊ तळ्याकडे निघाले. चपला लिंबाच्या रसाने चिकट झालेल्या, धोतराचा सोगा हातात. तळ्यावर बदकं होती. तिथून ते मांजराच्या घरापर्यंत गेले. मांजर होतं. शेवटी घामाघूम होऊन ते आइस्क्रीमच्या टपरीशी पोचले, तेव्हा झाडाखाली सायकलींच्या मधोमध लाल तिचाकी उभी होती, आणि मुक्ता तिच्यावर बसून कोन चाटत होती. मुलं कशावरून तरी हसत होती आणि मुक्ता त्यांच्याबरोबरच हसत होती, कोणालाही काही न विचारता.

राजाभाऊंना बोलायचं होतं, पण धाप लागली होती. त्यांचा हात हवेत गेला, काहीतरी धरायला.

मुक्ताने ते पाहिलं. कोन तोंडात धरून तिने तिचाकी मागे घेतली, एवढी, की टोपलीची दांडी बरोबर आजोबांच्या हाताखाली आली. आजोबांनी ती धरली. मग मुक्ताने कोन काढला आणि मुलांना जर्मनमध्ये सांगितलं, की हे माझे आजोबा. आणि आजोबांकडे वळून, स्वच्छ मराठीत, म्हणाली, "आजोबा, पाहुणे बसलेत. सरळ उभे राहा. म्हणून दाखवा."

राजाभाऊंनी मुलांकडे पाहिलं. सगळे कोन थांबले होते. त्यांनी खिशातलं लिंबू चाचपलं, घसा साफ केला आणि सुरुवात केली. एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. मुलांना काही कळत नव्हतं, पण ऐकायला मजा येत होती. पाचापर्यंत गाडी नीट गेली. मग धाप आडवी आली आणि सहाव्याला शब्दच सुचेना.

मुक्ताने हसू आवरलं, कोन तोंडापुढे आडवा धरला, आणि मागून कुजबुजली, "एकशे चौऱ्याहत्तर."